मांडलेले पान

भिलाईत आमच्याकडे पाहुणे आले म्हणजे त्यांना एकच गोष्ट पाहावयाची असते, आणि ती म्हणजे पोलादाचा कारखाना. रात्री आकाशाच्या कडेला उमटणारी तांबूस झळाळी ते गच्चीवरून न्याहाळतात. रेल्वेचे लांबच लांब रूळ येथेच तयार होतात हे ऐकून मान डोलावतात. मग आमचे यजमान त्यांना १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेल्या कराराची आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेल्या पहिल्या झोतभट्टीच्या उद्घाटनाची हकीकत सांगू लागतात. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की, मधला एखादा शब्द त्यांच्या तोंडून गळलाच तर तो मला स्वयंपाकघरातून पुरवता येतो.

परंतु वाचकहो, आज मी आपणांस जी हकीकत सांगणार आहे ती पोलादाची नव्हे. ती आहे हातमोज्यांची.

मोठ्या कारखान्याला लोखंड आणि कोळसा एवढेच लागते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा संसार आपल्या घरासारखाच असतो. त्याला केरसुण्या लागतात, पुसण्याची फडकी लागतात. नोंदवह्या, फायलींची आवरणे, उपाहारगृहातले मसाले, कामगारांचे गणवेश आणि धारदार, तेलकट वस्तू उचलणाऱ्या हातांसाठी जाड कापडाचे मोजे लागतात. आपल्या घरी महिन्याच्या वाणसामानाची यादी होते, तशी तेथे निविदा निघते. फरक इतकाच की, घरची यादी घेऊन कोणीही वाण्याकडे जाऊ शकतो. निविदा मात्र वाचता यावी लागते. या वाचता येण्या-न येण्यात किती घरांचे दैव अडकून पडलेले असते, हे मला उतारवयात कळले.

मी १९८१ साली वर्ध्याहून लग्न होऊन येथे आले. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. एका शाळेत तीस वर्षे मुलांना गणित शिकवून मी निवृत्त झाले. माझे गणित चांगले आहे असा माझा समज होता. तो समज पुढे कसा उतरला, तेही मी या लेखात लपवून ठेवणार नाही.

२०२१ सालच्या दिवाळीनंतर उशांचे अभ्रे शिवून घ्यावयाचे म्हणून मी कॅम्प भागातील एका वस्तीत गेले. वस्तीच्या तोंडाशी सतनामी समाजाचा पांढरा जैतखांब उभा होता. त्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत तीन शिलाई यंत्रे चालली होती. मालकीण चाळिशीच्या आतबाहेरची. मी तिला ताई म्हणते आणि ती मला दीदी म्हणते. या लेखापुरते तेवढेच नाव पुरे. खोलीच्या कोपऱ्यात छताला टेकेल एवढा हातमोज्यांचा ढीग होता. मी एक मोजा हाती घेऊन पाहिला. अंगठ्याच्या बेचक्यात, जेथे मोजा प्रथम उसवतो, तेथे तिने दुहेरी टीप मारली होती. ‘हे तुला कोणी शिकविले?’ असे विचारता ती म्हणाली, ‘फाटके मोजे परत येत असत ना, दीदी. त्यांनीच शिकविले.’

ते मोजे ती एका व्यापाऱ्यासाठी शिवत होती. कापड तो देई, मजुरी जोडीमागे ठरलेली असे, आणि तयार माल तो आपल्या नावाने कारखान्यांना पुरवी. मी सहज म्हणाले, ‘मग तूच का पुरवीत नाहीस?’ ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, खंतही नव्हती; एखाद्या लहान मुलाने आकाशातील चांदोबा मागावा आणि आईने हसावे, तसे ते हसणे होते. ‘ते आमच्या आवाक्यातले नव्हे, दीदी,’ ती म्हणाली.

घरी आल्यावर ते वाक्य मला स्वस्थ बसू देईना. यजमानांच्या जुन्या स्नेह्यांपैकी एक गृहस्थ खरेदीच्या कामातले जाणकार आहेत. त्यांना विचारले तेव्हा त्यांनी मजपुढे कागद ठेवले, आणि मी थक्क झाले. केंद्र सरकारने २०१२ साली एक आदेश काढला असून त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून तो लागू झाला आहे. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे त्यात सांगितले आहे. प्रथम हा हिस्सा २० टक्के होता. २०१८ साली दुरुस्ती होऊन तो २५ टक्के झाला. या पंचविसांपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी राखलेले आहेत. लहान उद्योगाला निविदेचे कागद विनामूल्य मिळतात. बयाण्याची रक्कम भरावी लागत नाही. पूर्वीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट खरेदीदाराला शिथिल करता येते. दर्जात मात्र सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. शिवाय ३५८ वस्तूंची एक यादी अशी आहे की, त्या केवळ लहान उद्योगांकडूनच घ्यावयाच्या. हातमोजे त्या यादीत आहेत!

ज्या गोष्टीला ताई चांदोबा समजत होती, ती तिच्या हक्काची होती आणि तिच्या दारापासून दोन कोसांवर होती.

हा विचार काही काल-परवाचा नव्हे. १९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षण यांबरोबर सरकारी ठेक्यांचाही प्रश्न त्यांनी मांडला होता. केंद्रीय बांधकाम खात्याच्या यादीतील हजाराहून अधिक ठेकेदारांत अनुसूचित जातीचा ठेकेदार अवघा एक होता, ही गोष्ट त्यांनी सरकारच्या नजरेस आणली. माणसाला नोकरी मिळाली तर एक घर चालते. ठेका मिळाला तर तो दहा घरांना काम देतो, हे त्या निवेदनामागचे मर्म मला वाटते. पुढे अमेरिकेतही १९६९ साली अध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्य समाजांच्या उद्योगांना साहाय्य करण्यासाठी सरकारी कार्यालय स्थापन केले, आणि तेथील मोठ्या कंपन्याही हळूहळू अशा उद्योगांकडून माल घेऊ लागल्या. आपल्याकडे २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची संघटना उभी केली. ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ हा तिचा रोख, आणि सरकारी खरेदीत वाटा मिळावा ही तिची मागणी. टाटा समूहासारख्या खासगी उद्योगांनीही दलित व आदिवासी पुरवठादारांना संधी देण्याचे धोरण स्वीकारले आहे. अर्थात खासगी उद्योगांना तशी सक्ती नाही. तेथे सारे त्यांच्या इच्छेवर चालते.

मात्र त्या आदेशातील एक कलम मी दोनदा वाचले. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक पुढेच आले नाहीत, किंवा आले आणि अटींत बसले नाहीत, तर त्यांच्या ४ टक्क्यांचा वाटा इतर लहान उद्योगांकडून पुरा करावा, असे ते कलम सांगते. यात गैर काही नाही. कारखाना काही कोणासाठी थांबून राहणार नाही. पण मला आपल्याकडची पंगत आठवली. पान मांडलेले आहे, भोवती रांगोळी आहे, वाढपी उभे आहेत. ज्याच्यासाठी पान मांडले त्याला आमंत्रणाचा कागदच वाचता आला नाही, म्हणून तो दाराबाहेर उभा आहे. आणि थोड्या वेळाने त्या पानावर दुसरा कोणी बसतो. ज्या समाजाला शतकानुशतके पंगतीत पानच मांडले गेले नाही, त्याच्या बाबतीत हे असे घडावे, हे मनाला लागते. पान मांडणे हे सरकारचे काम, आणि ते झाले आहे. पण हात धरून पानापर्यंत नेण्याचे काम कोणाचे?

मी ताईकडे पुन्हा गेले. तिला सगळे समजावून सांगितले. मला वाटले होते, ती आनंदेल. ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘दीदी, जातीचा दाखला लावून काम मागावयाचे? मोजा पाहून घेतील तर घेवोत. दया नको.’

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. आपण असता तर काय म्हणाला असता? मी घरी आले, दोन दिवस विचार केला, आणि मग तिला एवढेच म्हणाले, ‘तुझा मोजा तपासताना कोणी दाखला पाहणार नाही. टीप पाहतील, कापड पाहतील, फाडून पाहतील. दाखल्याने फक्त तुझा मोजा त्यांच्या टेबलापर्यंत पोचेल. आजवर तो पोचत होता तो त्या व्यापाऱ्याच्या नावाने. माल तुझा आणि नाव त्याचे, यात तुझा मान कोठे राहिला?’ तिने यंत्राचे चाक हाताने एकदा फिरविले आणि म्हणाली, ‘कागद काय काय लागतील?’

कागदांचे पुराण मी थोडक्यात सांगते, कारण आपणांपैकी कोणाला तरी त्याचा उपयोग होईल. पहिली पायरी ‘उद्यम’ नोंदणीची. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू आहे आणि ती पूर्णपणे विनामूल्य आहे. तरीही कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तिच्यासाठी पैसे मागितले. आम्ही ती घरच्या संगणकावर अर्ध्या तासात केली. दुसरी पायरी २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या ई-बाजारपेठेवरील नोंदणीची. तेथे आपला माल, त्याचे छायाचित्र आणि भाव मांडावयाचा. यापुढे मदत करणाऱ्या संस्थाही आहेत. योगायोग पाहा, ज्या १९५५ साली भिलाईचा करार झाला, त्याच वर्षी लहान कारखानदारांच्या साहाय्यासाठी राष्ट्रीय लघु उद्योग निगम स्थापन झाला. २०१६ सालापासून अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठीचे राष्ट्रीय केंद्रही त्याच्याच मार्फत चालते. प्रशिक्षण, नोंदणी आणि निविदा भरणे यांत तेथे मार्गदर्शन मिळते. जिल्हा उद्योग केंद्राचे दारही ठोठवावे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या साऱ्या सवलती स्वतः माल तयार करणाऱ्याला अथवा सेवा देणाऱ्याला आहेत, दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याला नाहीत.

आमची पहिली निविदा फेटाळली गेली. कारण ऐकाल तर हसाल, पण हसण्यासारखे ते नाही. ताईचा जातीचा दाखला माहेरच्या आडनावाने होता, कारण जात जन्माने येते. तिचे पॅन कार्ड सासरच्या नावाने होते, कारण ते लग्नानंतर निघाले. बँकेच्या पुस्तकात तर नुसतेच नाव, आडनाव नाही. तिन्ही कागदांवरच्या तीन बाया एकच आहेत, हे त्या दूरच्या कचेरीला कसे कळावे? मुद्दाम कोणी अन्याय केला असे मी म्हणणार नाही. पण पुरुषाचे नाव जन्मापासून मरणापर्यंत एक राहते आणि स्त्रीचे बदलते, याचा विचार अर्ज तयार करणाऱ्यांच्या मनात आला नसावा. प्रतिज्ञापत्र, अर्ज, हेलपाटे यांत चार महिने गेले. माझी आपणांस विनंती आहे : आपल्या मुलींचे आणि सुनांचे कागद आजच काढून पाहा. सर्वांवर एकच नाव आहे ना? नसेल तर ते काम निवांतपणी करून ठेवा. संधी आल्यावर त्याला वेळ नसतो.

दुसरी निविदा दुसऱ्या शहरातील एका मोठ्या उपक्रमाची होती. कोणता, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. या वेळी कागद चोख होते. भाव ठरविण्याची पाळी आली, आणि येथे माझे गणित आडवे आले.

ताईने एक आकडा सांगितला. तो मला अधिक वाटला. मी कागदावर कापड, दोरा आणि दोघी मदतनीस बायकांची मजुरी मांडली, वर थोडा नफा धरला आणि म्हटले, ‘एवढ्यात बसते. भाव चढा लावलास तर पुन्हा हात हलवीत परत यावे लागेल.’ ती काही बोलली नाही. तीस वर्षे गणित शिकविलेल्या बाईपुढे ती काय बोलणार? भाव सर्वांत कमी ठरला. पुरवठ्याचा आदेश आला. आम्ही पेढे वाटले.

माल जाऊ लागला तेव्हा एकेक खर्च डोके वर काढू लागला. कापताना वाया जाणारे कातरण मी धरले नव्हते. तपासणीसाठी द्यावयाचे नमुने, परत आलेल्या जोड्या, बांधणी, वाहतूक, विजेचे बिल, मोडलेल्या सुया, खोलीचे भाडे, यांपैकी काहीच धरले नव्हते. बयाणा माफ असला तरी कामाची अनामत भरावी लागली. ते पैसे अडकून पडले. आणि सर्वांत मोठी चूक ही की, मी तिची स्वतःची मजुरीच धरली नव्हती. दिवसाचे दहा तास ती यंत्रावर बसत होती, आणि माझ्या हिशेबात त्या दहा तासांची किंमत शून्य होती! रात्री अंगठ्याची टीप मारावयास बसणाऱ्या तिच्या मुलीचीही शून्य.

हे माझ्या हातून कसे झाले, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर फार दूर नव्हते. मी स्वतः चाळीस वर्षे स्वयंपाक केला, शिवण केले, घरातल्यांची आजारपणे काढली. त्याची किंमत कोणी विचारली नाही आणि मीही धरली नाही. घरातल्या बाईचे काम फुकट असते, ही गोष्ट माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की, दुसऱ्या बाईच्या धंद्याचा हिशेब करतानाही मी तीच चूक केली. ताईने सांगितलेला पहिला आकडाच बरोबर होता. तिला तो कागदावर मांडता येत नव्हता इतकेच; अनुभवाने तिला तो ठाऊक होता. मी शिकलेली होते म्हणून मला तो खोडता आला.

नुकसान तेवढ्यावर थांबले नाही. माल पोचला, पण पैसे येईनात. दोन महिने गेले, तीन गेले. कापडवाल्याचा तगादा सुरू झाला. एके दिवशी मी गेले तेव्हा ताईच्या कमरेला तिची चांदीची करधन दिसली नाही. ती तिच्या आजीची होती. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

वाचकहो, यावर कायदा आहे. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच कायदा मानतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी राज्यात सुलभीकरण परिषद आहे आणि २०१७ सालापासून ‘समाधान’ या संकेतस्थळावर तक्रार घरबसल्या नोंदविता येते. मी हे सारे ताईला वाचून दाखविले आणि तक्रार लिहावयास घेतली. तिने माझा हात धरला. ‘दीदी, तक्रार केली तर पैसे येतील. पण पुढची ऑर्डर येईल का?’

मला पुन्हा गप्प बसावे लागले. कायद्याने दिलेले शस्त्र म्यानातून काढावयाचे की नाही, हे ठरविताना जिचे पोट त्यावर अवलंबून आहे तिचेच मत मोठे. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. तक्रार न करता, कायद्याच्या कलमांचा उल्लेख करून एक विनम्र स्मरणपत्र धाडले. तीन आठवड्यांनी मूळ रक्कम आली. व्याज आले नाही. आम्ही मागितले नाही. ते बरोबर केले की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. मात्र एवढे ठाऊक आहे की, पैसे देणाऱ्या कचेरीत ती फाइल ज्या टेबलावर पडून होती, त्या टेबलावरील सज्जन गृहस्थाला त्या कागदामागची करधन दिसली नसेल. हा लेख वाचणाऱ्यांत असे अधिकारी असतील, तर त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे : लहान पुरवठादाराचे बिल गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवा. मोठ्याला उशीर सोसतो. लहानाला तो मोडतो.

असो. त्यानंतर आम्ही दोघींनी एक वही केली. पहिल्या पानावर तिने सांगावयाचे आणि मी लिहावयाचे, असा नियम ठरला. मी मध्ये बोलावयाचे नाही. कापड, कातरण, दोरा, वीज, भाडे, परत येणारा माल, अडकलेल्या पैशांचे व्याज, असे करीत ती शेवटच्या ओळीशी आली आणि थांबली. मी वाट पाहिली. ‘माझी मजुरी,’ ती म्हणाली, आणि आकडा सांगताना तिने खालच्या आवाजात सांगितला, जणू काही चोरीच करीत आहे.

आता गुरुवारी दुपारी आमच्या ओट्यावर पाच-सहा जणी जमतात. त्यांत फायलींची आवरणे तयार करणारी एक मुसलमान विधवा भगिनी आहे. तिने प्रथमच विचारले होते की, अल्पसंख्याकांसाठी वेगळा वाटा आहे काय? या आदेशात तसा वाटा नाही. पण स्त्री उद्योजिका म्हणून ३ टक्क्यांत आणि लहान उद्योग म्हणून बाकीच्या सवलतींत ती बसते. आपल्या जवळच्याच बालोद जिल्ह्यातील शमशाद बेगम यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांचे बचत गट बांधले आणि २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे मी तिला सांगितले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

या बैठकीत आम्ही कोणाची शिफारस मिळवीत नाही. तसला वशिला आमच्यापाशी नाही आणि असता तरी वापरला नसता. निविदा मोठ्याने वाचावयाची, अडलेल्या शब्दाचा अर्थ लावावयाचा, तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावयाच्या, आणि प्रत्येकीच्या वहीतील शेवटची ओळ कोरी नाही ना एवढे पाहावयाचे. एक नियम मात्र आम्ही कडक ठेवला आहे. कागदावर पत्नी मालकीण आणि सारा कारभार पतीच्या हाती, अशा घरची बाई आली तर तिला आम्ही आदराने बसवितो, पण निविदा तिनेच वाचली पाहिजे असा आग्रह धरतो. एका मेळाव्यात ताईला एका गृहस्थाने विचारले होते, ‘धंदा कोण पाहते? तुमचे यजमान कोठे आहेत?’ तो प्रश्न तिला झोंबला. पण तो विचारला जातो याला नावापुरत्या मालकिणीही थोड्या कारण आहेत. खोटे पान मांडले गेले की खऱ्या भुकेल्याकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

तिसऱ्या निविदेत ताईने आपला खरा भाव लावला. ती निविदा गेली. दुसऱ्याचा भाव कमी ठरला. मी निराश झाले होते. ताई मात्र म्हणाली, ‘जाऊ द्या, दीदी. त्या भावात मी शिवले असते तर पुन्हा करधन गेली असती.’ चौथी निविदा तिला मिळाली. ती फार मोठी नाही, पण त्यात तिची मजुरी आहे, मुलीची आहे, आणि मदतीला आता चौघी आहेत. व्यापाऱ्याचे कामही तिने सोडलेले नाही. एकाच गिऱ्हाइकावर संसार टाकू नये, हे शहाणपण तिने मला शिकविले. करधन अजून सावकाराकडेच आहे. येत्या तिजाला ती सुटेल असे ती म्हणते.

वाचकहो, आपण कोणत्याही राज्यात राहत असाल, आपल्या गावाजवळ एखादा कारखाना, रेल्वेची कचेरी, इस्पितळ किंवा छावणी असेलच. तेथे रोज काही तरी विकत घेतले जाते. आणि आपल्या गल्लीच्या टोकाला कोणी तरी शिवीत असेल, मसाले कुटीत असेल, खोकी तयार करीत असेल. आपणांस लिहिता-वाचता येते, घरात संगणक किंवा निदान फोन आहे. आठवड्याची एक दुपार त्यांच्यासाठी काढता येईल काय? मात्र जाताना माझी चूक आपल्याबरोबर नेऊ नका. प्रथम त्यांचा हिशेब ऐका. आपला नंतर सांगा.

गेल्या गुरुवारी मला थोडा ताप होता, म्हणून मी आतल्या खोलीत पडून होते. ओट्यावरून निविदा वाचल्याचा आवाज येत होता. वाचणारी ताईची मुलगी होती. एका कलमाशी ती अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचू लागली. ‘दीदींना विचारू का?’ असे कोणी तरी म्हणाले. ‘थांबा,’ ताईचा आवाज आला, ‘तिला वाचू द्या.’ मी कूस बदलली आणि डोळे मिटले.